पापणी उलटून बघणारी भिवरा

राणीसावरगावच्या माळावर भिवराबाईला ओळखत नाही असं एकही मेंढरू नव्हतं आणि तिला हसलं नाही असं एकही माणूस नव्हतं. हसायला कारण होतं. भिवरा दिसेल त्याच्या डोळ्याखाली अंगठा लावायची, खालची पापणी ओढायची आणि आत डोकावायची.

मेंढरांच्या बाबतीत ते तिचं कामच होतं. जंत झालेलं मेंढरू वरून धड दिसतं. अंगावर लोकर असते, पोट टम्म असतं, चरायलाही जातं. पण रक्त आटायला लागलं की पापणीच्या आतली लाली सगळ्यात आधी उतरते. सासऱ्यानं मरायच्या आधी ही खूण थोरल्या लेकाला शिकवायची सोडून धाकट्या सुनेला शिकवली, त्यातच म्हाताऱ्याची पारख आली. मग भिवराला नादच लागला. पाहुणी आली की तिची पापणी, बांगड्या भरणारी आली की तिची.

"आगं बया, मला मेंढरू समजलीस का?" पाटलाची सून एकदा म्हणाली.

"मेंढरू असता तर वर्साकाठी लोकर तरी दिली असती," भिवरा म्हणाली. "जा, पालेभाज्या खा जरा. पांढऱ्या पडायलात."

असं तोंड असलेली बाई घरात मात्र गप्प असायची, कारण घरात थोरला दीर होता. थोरल्या दिरापुढं पदर ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. काही सांगायचंच झालं तर जावेकडं तोंड करायचं आणि तिला सांगायचं. दीर तीन हातांवर बसलेला असला तरी त्यानं ते जावेच्या तोंडूनच ऐकायचं.

हा दीर म्हणजे रायभान. घरातला शहाणा माणूस. शहाणा कुणी ठरवला, तर त्यानं स्वतःच. रझाकारांच्या धामधुमीत हा गडी सव्वा महिना ज्वारीच्या कणगीत बसून होता आणि बायको केवळाबाई वरून भाकरी टाकायची. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य बुडालं, तसा रायभान कणगीतून निघाला, अंगावरचा कोंडा झटकला, डोक्यावर टोपी चढवली आणि सरळ चावडीवर जाऊन बसला. पुढं दरवर्षी त्याच्या लढाईच्या गोष्टीत दोन-दोन रझाकार वाढत गेले. कणगीचा मात्र त्यात कधी उल्लेख आला नाही. केवळाबाई ऐकायची आणि चुलीत फुंकर घालायची. तिचं हसू धुरात जायचं.

भिवराचा नवरा धोंडीबा साधा माणूस. बोलायचा तो मेंढरांशी. भावाच्या शब्दाबाहेर तो गेला नाही, आणि बायकोच्या शब्दातही पुरता आला नाही.

या दोघांना एक लेक होती. तिच्या आधीची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली, म्हणून हिचं नाव दगडाबाई ठेवलं. गोड नाव ठेवलं की वरच्याची नजर जाते, दगडावर कुणाची जाणार? सगळे दगडी म्हणायचे. सात वर्षांची झाली तेव्हा कोकरांमागं माळभर पळायची, आणि तोंडानं आईवर गेली होती. तिला मात्र कुणाचा रिवाज लागू नव्हता.

"चुलत्या, टोपीत काय ठेवतू रे?" तिनं एकदा भर चावडीवर विचारलं.

"टोपीत काय ठेवायचं? डोकं हाय टोपीत."

"मंग खडखड कसं वाजतंय?"

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दगडी पळता पळता बसायला लागली. श्रावणात अंगात बारीक ताप राहिला. नडगीवर निळे-काळे डाग उठले, कुणी मारल्यासारखे. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. भिवरानं पोरीला उजेडात ओढली, अंगठा लावला, पापणी उलटली. आत पिठासारखं पांढरं होतं.

तिचा अंगठा तसाच राहिला. मग तिनं जबड्याखाली चाचपलं. बोराएवढ्या गाठी हाताला लागल्या.

आता घरात शहाण्यांना ऊत आला. केवळाबाई म्हणाली, नजर लागली. रायभान म्हणाला, अंगात उष्णता झाली, पोरगी उन्हात लय हिंडते. आणि दोघांनी मिळून बन्सीधर कंपौंडरला बोलावलं.

बन्सीधर पूर्वी गंगाखेडला एका डॉक्टराकडं पुड्या बांधायचा. डॉक्टरानं काढून टाकल्यावर त्यानं सायकल घेतली आणि स्वतःच डॉक्टर झाला. त्याच्या पेटीत एक सुई, एक लाल बाटली आणि एक आरसा असायचा. आरसा रोग्यासाठी नव्हता. सुई उकळायची असते एवढं त्याला ठाऊक होतं, पण पाण्याला उकळी फुटेपर्यंत थांबायचा धीर नव्हता.

"रक्त कमी हाय," तो म्हणाला. हे सांगायला पेटी लागत नव्हती, भिवरानं अंगठ्यानं सांगितलं होतं. "काळजाच्या अर्काच्या सुया देतो. रक्त कसं उसळ्या मारंल बघा."

चार सुया झाल्या. उसळी तापानं मारली. डाग पोटापर्यंत चढले, गाठी सुपारीएवढ्या झाल्या. बन्सीधर म्हणाला, रोग बाहेर पडायलाय, चांगली खूण हाय. रायभाननं मान डोलावली. दोघांच्या माना एका वेळी हलायच्या.

भिवरा दाराआड उभी राहिली आणि केवळाबाईकडं तोंड केलं.

"जाऊबाई, भावजींना सांगा. हेच दुखणं बोकडाला झालं असतं तर चार दिसांत त्यांनी त्याला ढोराच्या दवाखान्यात न्हेलं असतं. बोकड बाजारात इकतो ना."

केवळाबाईनं निरोप पोचवायची गरज नव्हती. रायभान उठून टोपी नीट करत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी धोंडीबानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि तिघं परभणीची गाडी धरायला गंगाखेडला निघाली.

परभणीच्या दवाखान्यात दिनकरराव नावाचे तरुण डॉक्टर होते, हैदराबादला शिकून आलेले. त्यांनी दगडीच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर पसरलं आणि नळीला डोळा लावला. लावला तो काढेचनात. भिवराला बरं वाटलं. हा पहिला माणूस भेटला होता, जो बोलायच्या आधी बघत होता.

"बाई, हा रक्ताचा कॅन्सर आहे," ते शेवटी म्हणाले. "इथं इलाज नाही. मागल्या साली आली असतीस तर हैदराबादला धाडली असती. आता आपलं राज्य मुंबई. तिथं लेकरांसाठी एक नवी गोळी आली आहे म्हणतात. मी चिठ्ठी देतो."

"गोळीनं बरी हुईल?"

"तसं मी सांगणार नाही."

घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा रायभान पालथी मांडी घालून बसला होता. "मुंबईत गरिबाच्या लेकरांवर विलायती दवा आजमावून बघतेत," तो म्हणाला. "पोरीला शेळीगत बांधून ठेवतील. त्यापरीस इथं चार दिस सुखानं जाऊ दे."

"जाऊबाई," भिवरा बोचकं बांधत म्हणाली, "भावजींना सांगा, सुख लय आवडत असंल तर कणगी मोकळीच हाय."

केवळाबाईला खोकला आला.

मेंढरं रायभानच्या हवाली करून धोंडीबा आणि भिवरा निघाले. गंगाखेड, परभणी, मनमाड, मनमाडला गाडी बदलून मुंबई. दवाखान्यात एक पारशी डॉक्टरीण होती, पिकल्या केसांची, मराठी मोडकं बोलायची पण खोटं बोलत नव्हती. भिवरानं पहिल्याच दिवशी तिची पापणी उलटून बघितली. बाई हसली आणि बघू दिली.

"आमचे दीर म्हनतेत, तुमी लेकरांवर दवा आजमावताव."

"खरा बोलतो तुझा दीर," डॉक्टरीण म्हणाली. "नवा औषध हाय. आमी पण शिकते."

रायभान जन्मात एकदा खरं बोलला ते असं, आणि तेही त्याला कळलं नाही.

मग डॉक्टरिणीनं तिला बसवून सांगितलं. रक्त हाडाच्या आत तयार होतं. तिथं कच्च्या पेशींचं तण माजलंय, चांगल्या रक्ताला जागाच उरली नाही. दहा-बारा वर्षांमागं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असल्या लेकरांना रक्त वाढवायचं जीवनसत्त्व देऊन बघितलं, पालेभाजीत आणि काळजात असतं ते. पांढरं पाडणाऱ्या दुसऱ्या दुखण्यांना ते लागू पडायचं. या लेकरांना दिलं तर तणच माजलं. तेव्हा एकाच्या डोक्यात आलं, खाऊ घातल्यानं माजतं तर उपाशी ठेवलं तर मरंल का? मग त्या जीवनसत्त्वासारखं दिसणारं पण पोट न भरणारं औषध तयार केलं. ते तयार करणाऱ्यांत एक तर आपल्या शेजारच्या आंध्रातून तिकडं गेलेला माणूस होता. तण ते चारा समजून खातं आणि उपाशी मरतं.

भिवराला हे लगेच कळलं. "बकरी कागद खाती तसं. पोट भरलेलं दिसतंय, आतून उपाशी."

"बरोबर तसाच. पहिली पोरं मरायला टेकलेली, ती उठून बसली, खेळली. दुसरे डॉक्टर हसले त्याला. म्हणाले, कशाला छळतो, पोरांना निवांत मरू दे."

"तिकडंबी आमचे भावजी हायेत म्हना की," भिवरा म्हणाली.

डॉक्टरीण हसली, पण पुढचं तिनं हसून सांगितलं नाही. अजून एकही पोर कायमचं बरं झालेलं नाही. कुणाला सहा महिने मिळाले, कुणाला वर्ष. मग तण त्या औषधालाही हुशार होतं. औषधाविना दगडी दिवाळी बघणार नाही.

"दिवाळी बघू द्या," भिवरा म्हणाली. "पुढचं पुढं."

गोळ्या सुरू झाल्या. एक दुखणं दाबणारी, तिनं भूक खवळायची आणि तोंड सुजायचं. दुसरी ती उपाशी मारणारी. ही रोज द्यायची, आणि तोंडात फोड उठले की त्या दिवशीच थांबवायची, कारण फोड म्हणजे औषध आता चांगल्या पेशींनाही उपाशी मारायला लागलं. फोड बरे झाले की परत सुरू. डॉक्टरिणीनं कागद पुढं केला, यावर रोज खूण कर म्हणाली.

भिवरानं कागद बघितला आणि परत दिला. बोचक्यातून तिनं लोकरीचा दोरा काढला. धनगराच्या घरात गाभण मेंढ्यांचे दिवस दोऱ्यावर धरतात, तशीच तिनं गाठ मारली. गोळीच्या दिवसाला पांढरी गाठ. फोडाच्या दिवसाला काळ्या लोकरीची. दगडीला शिकवून ठेवलं, जे पोटात जाईल त्याची गाठ तूच मारायची, विसरायचं नाही, खोटी मारायची नाही.

विसाव्या गाठीला ताप गेला. तिसाव्या गाठीला जबड्याखालच्या गाठी विरघळल्या. चाळिसाव्या गाठीला भिवरानं पोरीला खिडकीपाशी नेऊन पापणी उलटली. आत डाळिंबाच्या दाण्यासारखी लाली होती. डॉक्टरिणीनं काचेवर रक्त बघितलं, तीही तेच म्हणाली, पण दोन दिवस उशिरा.

पन्नासाव्या गाठीला पोरगी घरी आली, ती दिवाळीतच. तोंड गोल, भाकरीएवढं, गाल टरारलेले. माळावरचे शहाणे बघायला जमले. ज्यांनी तिला मेलेली धरली होती ते म्हणाले, पोरगी बाळसं धरायली. आणि रायभान चावडीवर सांगू लागला, "मीच म्हणलं, मुंबईला न्ह्या. इथं काय ऱ्हायलंय?" धोंडीबाची दोन बकरी त्यानं तेवढ्या दिवसांत हरवली होती. त्यांचा उल्लेख कणगीसारखाच राहून गेला.

दगडी परत कोकरांमागं पळू लागली. परत चुलत्याच्या टोपीला हात घालू लागली. गोळीचा दिवस, फोडाचा दिवस, गाठीमागं गाठ. संक्रांत झाली, होळी झाली. दर पंधरा दिवसांनी दिनकरराव डॉक्टर परभणीला रक्त बघायचे आणि मुंबईला पत्र टाकायचे. भिवरा रोज पापणी बघायची. दगडी वैतागायची, "किती बगतीस गं? डोळा गळून पडंल माझा."

मग चैत्र आला. चैत्रात या माळावर मेंढरांना काडी उरत नाही, म्हणून कळप गंगाकाठच्या गावांकडं न्यायचा. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात, वर्षाची बेगमी त्यातच होते. त्या साली मेंढ्या नेमक्या वाटेवरच व्यायला आलेल्या. एकट्या धोंडीबाच्यानं होण्यासारखं नव्हतं. रायभान यायचा नव्हता, त्याला चावडीचं काम होतं. उन्हात पोरीला नेणं डॉक्टरांनी मना केलं होतं. भिवरानं दोरा आणि गोळ्यांची बाटली केवळाबाईच्या हातात दिली, सगळं तीन वेळा वदवून घेतलं.

"जाऊबाई, फोड उठले की गोळी बंद. दुसरं कायबी द्यायचं न्हाई. काळीज न्हाई, सुई न्हाई, बन्सीधर न्हाई."

"बन्सीधर काय पोरीला खायाला घालायलेय मी?" केवळाबाई म्हणाली. बाई वाईट नव्हती. तिच्या नशिबी नवरा तसा होता.

बावीस दिवसांनी भिवरा परत आली. दारातच केवळाबाई हसत म्हणाली, "बघ पोरीला. फोड आल्ते तोंडभर, पाणी गिळंना. आता कसं साफ हाय!"

दगडी पाटावर बसून भाकरी खात होती. तोंड खरंच साफ होतं. भिवरानं खुंटीवरचा दोरा काढला आणि बोटांवरून सरकवला. पांढऱ्या गाठी, मग तीन काळ्या. मग परत पांढऱ्या, आणि प्रत्येक पांढऱ्या गाठीला लागून एक लाल गाठ. लाल लोकर तिच्याकडं नव्हती.

"ही लाल कशाची गं?"

"पिवळ्या गोळीची," दगडी म्हणाली. "तू म्हणलीस ना, पोटात जाईल त्याची गाठ मार. लाल दोरा न्हवता, म्हणून परकराचा काढला." परकराची कड चांगली वीतभर उसवलेली होती.

"कुनी दिली पिवळी गोळी?"

"चुलत्यानं. बन्सीधरकडून आनली. पंधरा लाल हायेत. अन एकदा देवाला बकरू कापलं, त्याचं काळीज दिलं, त्याची दुहेरी गाठ मारलीय, ही बघ."

बन्सीधरला बोलावणं गेलं. तो आला, बसला, आरसा काढून भांग नीट केला. फोड बघून त्यानं रक्तवाढीच्या पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या. काळजात आणि पालेभाजीत असतं तेच जीवनसत्त्व, गोळीत घट्ट केलेलं. मुंबईची डॉक्टरीण ज्याला तणाचा चारा म्हणाली होती, तो चारा हे दोघं पंधरा दिवस ओंजळीनं घालत होते. फोड जाणारच होते. फोडाबरोबर औषधही पांगळं झालं होतं.

"फोड गेले का न्हाई? हो का न्हाई सांगा," बन्सीधर म्हणाला.

"गेले," रायभान म्हणाला. "डोळ्यानं दिसायलंय."

"तीन दिस पोरीला पाणी गिळवत नव्हतं, तवा माजं काळीज तुटलं," असंही तो म्हणाला, आणि ते खरं असावं. रायभानला भावाची पोर आवडायची. त्याच्या प्रेमालाही अक्कल नव्हती, एवढंच.

भिवरा उठली. ती पोरीला घेऊन दारात उजेडात गेली आणि अंगठा लावला. लाली उतरायला लागली होती. अजून पांढरं नव्हतं, पहाटेच्या आभाळाएवढा रंग उरला होता. पण तिनं जन्मभर पापण्या बघितल्या होत्या, कुठला रंग चढायलाय आणि कुठला उतरायलाय हे तिला कळत होतं. मग तिनं जबड्याखाली बोट फिरवलं. तीळभर गाठ हाताला लागली.

परत गाडी, परत मनमाड, परत मुंबई. डॉक्टरिणीनं दोरा हातात घेतला. भिवरा डोळे मिटून बोटानं एकेक गाठ सांगत गेली आणि डॉक्टरीण लिहून घेत गेली. शिकल्या-सवरल्या बायांचे कागद अर्धे कोरे असतात, म्हणाली, हा दोरा तसा नाही.

"त्या पिवळ्या गोळ्यांनीच उलटलं का?" भिवरानं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाय. उलटलाच असता. आज नाय तर उद्या. कदाचित दोन महिने उशिरा."

"दोन महिने म्हंजे गाठी किती?"

"साठ."

भिवरानं तो आकडा पदरात बांधल्यासारखा मनात ठेवला.

आणखी एक गोळी निघाली होती, पाचच वर्षांपूर्वीची. तीही खोट्या चाऱ्याचीच, पण दुसऱ्या जातीची. तिनं परत ताप उतरला, परत गाठी गेल्या. दगडी श्रावणात माळावर होती. पहिल्यासारखी पळत नव्हती, पण दगडावर बसून कोकरांना शिव्या द्यायची, तेवढ्यानं कोकरं ओळीत यायची. भादव्यात तणानं त्या गोळीलाही ओळखलं. मुंबईहून डॉक्टरिणीचं पत्र आलं, दिनकररावांनी वाचून दाखवलं: माझ्यापाशी तिसरं काही नाही, असतं तर दिलं असतं, दोऱ्यातलं सगळं मी लिहून ठेवलंय, पुढच्या लेकराला पिवळ्या गोळीबद्दल आधी सांगीन.

दगडी दुसरी दिवाळी बघून गेली. पाडव्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी, आईच्या मांडीवर. तिच्या दोऱ्याला चारशे आठ गाठी झाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी माणसं बसायला आली. गाव भरून आलं, शहाणेही आले, बन्सीधर पेटीसकट आला. रायभान मधोमध बसला होता. खरंतर तोही रडून रडून सुजला होता, पण चार माणसं समोर दिसली की त्याच्या जिभेला जोर यायचा.

"मी म्हणलंच होतं," तो म्हणाला. "मुंबईला न्हेऊन काय मिळवलं? जायची ती गेलीच. पोरीला नुसतं छळलं."

सगळ्यांनी माना हलवल्या. केवळाबाईनं मान खाली घातली, भिवराकडं बघायची तिची छाती झाली नाही.

भिवरा खुंटीपाशी गेली. दोरा काढला. आणि जन्मात पहिल्यांदा ती जावेकडं वळली नाही. पदर मागं सरकलेला तसाच, ती थोरल्या दिरापुढं येऊन बसली. बसायला आलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"हात करा भावजी."

रायभानला कळेना. त्यानं हात पुढं केला. भिवरानं त्याचं बोट दोऱ्यावर ठेवलं.

"ही चाळीसवी. ह्या दिशी पापणी लाल झाली. ही पन्नास. ह्या दिशी घरी आली, तुमी म्हणलाव, मीच धाडली. ही बघा, संक्रांत. तिळगूळ खाऊन तुमच्या टोपीत भरला. हिला तिनं तुमाला बोकड म्हणलं, भर बाजारात, तुमीबी हसलाव." कुणीतरी मागं हसलं आणि गप्प झालं. "ही तुमची. ही लाल. हीबी लाल. मोजा, पंधरा हायेत. तुमी तिला मारलं न्हाई, जायचीच होती, डॉक्टरीणबाई म्हणली. पण साठ गाठी कमी झाल्या. चारशे आठ तिच्या न् माज्या. साठ तुमच्यापाशी ऱ्हायल्या. कुठं ठेवल्याव तेवढं सांगा."

रायभानचा हात दोऱ्यावर तसाच राहिला. बन्सीधरनं पेटी उचलली आणि सायकलीचा आवाज न करता ती ढकलत नेली. त्या माळावर तो परत कधी दिसला नाही. दुसऱ्या माळांवर दिसत असणार. असली माणसं संपत नाहीत, गाव बदलतात.

त्या दिवसापासून भिवरा दिराशी तोंडावर बोलू लागली, म्हणजे काही बोलायचंच झालं तर. बोलायचं काही नसायचं. दीड वर्ष गेलं.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात रायभान टोपी धुवून, कडक करून, गावभर पेढे वाटत फिरत होता. हे राज्यही आपणच लढून मिळवलं असं त्यानं दोन-तीन जागी सांगूनही झालं होतं. त्याच आठवड्यात एका सकाळी तो भिवराच्या दारात उभा राहिला. कडेवर त्याची नात होती, त्याच्या थोरल्या लेकाची कमळी, चार वर्षांची. टोपी हातात होती. त्याच्या डोक्यावर केस किती कमी आहेत हे भिवरानं पहिल्यांदाच बघितलं.

"भिवरा," तो म्हणाला. त्याचा आवाज कणगीच्या तळातून आल्यासारखा होता. "पोरगी मलूल पडायलीय. मी... मी पापणी बघितली. मला कळंना गं लाल हाय का पांढरी."

भिवरा मेंढीचं दूध काढत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, पोरीला उजेडात घेतलं. अंगठा लावला. जबड्याखाली चाचपलं. नडग्या बघितल्या, पोट दाबलं, परत पापणी बघितली.

"गाठी न्हाईत. डाग न्हाईत. जंत झाल्यासारखं वाटतंय," भिवरा म्हणाली. "पण माजा अंगठा मेंढरांचा हाय. रक्त काचेवर बघायला पायजे."

"मग आधी जंताची दवा देऊ का? न्हाईतर एखादी सुई..."

"भावजी."



भिवरानं खुंटीवरचा दोरा काढला, कंबरेला खोचला आणि पायांत वहाणा घातल्या.

"पोरीला उचला. परभणीची गाडी धरायचीय. अन टोपी घरीच ठिवा, दवाखान्यात तिचं काय काम न्हाई."